दुसऱ्या भागात वाजतं

मिस्त्रींना संगीताचं वावडं नव्हतं. ते रोज फुकट कानावर पडत होतं, म्हणून त्याचं अप्रूप नव्हतं इतकंच.

एकवीस वर्षं ते त्या सभागृहाचे सुतार होते. त्यांची कामाची खोली रंगमंचाच्या पाठीला पाठ लावून, मधे एकच भिंत. भिंतीपलीकडे सत्तर माणसं वाजवायची, अलीकडे मिस्त्री रंधा मारायचे. वाद्यवृंदाकडून दर वर्षी एक चिठ्ठी यायची: तालमीच्या वेळी रंधा बंद ठेवावा. मिस्त्री चिठ्ठी वाचून खिळ्याला अडकवत आणि म्हणत, "मी कधी ट्रॉम्बोन बंद ठेवा म्हटलं का?"

माणूस पारखायची त्यांची रीत एकच. येताजाता रंगमंचावर डोकावून हात किती चालतो ते बघायचं. त्या मापाने व्हायोलिनवाले पहिल्या नंबरात. चेलोवाले बसून का होईना, पण राबणारे. बासरीवाले मध्यम. सगळ्यांच्या पुढे उभं राहून काडी हलवणारे मास्तर स्वतः काहीच वाजवत नसत, पण शर्ट भिजेपर्यंत हलत, म्हणून त्यांना अर्धे गुण. आणि सगळ्यात खाली, अगदी तळाला, झांजवाली बाई. चाळीस मिनिटांची सिंफनी असली तर ही बाई तीनदा झांजा आपटणार, तेही शेवटच्या पाच मिनिटांत. तोपर्यंत मांडीवर हात ठेवून, ताठ बसून.

"कामावर येते की पाहुणी म्हणून येते, कळत नाही," मिस्त्री घरी सांगत.

"एवढं खुपतंय तर तुम्ही शिका झांजा," बायको म्हणे. "तीनदा आपटायचं तेवढं जमेल तुम्हाला."

मास्तर ज्या चौथऱ्यावर उभे राहत तो मिस्त्रींनी केलेला. सभागृहात त्यांचा हात लागला नाही अशी वस्तू नव्हती. दारं, जिन्याचे कठडे, खुर्च्यांचे मोडके पाय, सगळं त्यांचंच. पण हे सगळं लोक वापरतात, बघत कुणी नाही. दिव्याच्या झोतात, हजार माणसांच्या नजरेसमोर असं त्यांचं काम एकच, तो चौथरा. नऊ वर्षांपूर्वी मोडीत निघालेल्या जुन्या दारांच्या पिकलेल्या लाकडातून त्यांनी तो केला. मागचं दार अरुंद, म्हणून तीन भागांत. भाग एक, पुढची पायरी. भाग दोन, उभं राहायची फळी. भाग तीन, पाठीमागचा कठडा, मास्तर रंगात येऊन मागच्या मागे पडू नयेत म्हणून. तिन्हींच्या खाली शिसपेन्सिलीने आकडे घातलेले. मॅनेजरसाहेबांच्या सामानाच्या यादीतही तसंच: भाग एक, भाग दोन, भाग तीन.

एका मंगळवारी मॅनेजर खोलीत आले. माणूस वाईट नव्हता. फक्त नेहमी अशा घाईत की वाक्याचं पहिलं टोक दारात आणि दुसरं बाहेर.

"मिस्त्री, पोडियम वाजतोय."

"माझा चौथरा? नऊ वर्षांत वाजला नाही."

"आता वाजतोय. मास्तर म्हणाले, दुसऱ्या भागात वाजतो. शनिवारी कार्यक्रम, वर रेकॉर्डिंग. शनिवारी एकदा जरी वाजला ना, तर सोमवारी मी तो धातूचा आणतोय. घडीचा आहे, दोन मिनिटांत उभा राहतो."

"आणि मास्तर दोन मिनिटांत आडवे होतात."

"हा मग तळघरात ठेवू." मॅनेजर दाराबाहेर गेले होते. "आदराने ठेवू."

मिस्त्रींनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तसं बघायलाही कुणी नव्हतं.

त्यांनी भाग दोन उचलून खोलीत आणला. फळी न् फळी ठोकून बघितली. सगळे स्क्रू आवळले. सांध्यांमध्ये खडूची पूड भरली, कारण लाकडावर लाकूड घासलं की कुरकुरतं आणि पूड ते थांबवते. मग वर चढून उड्या मारल्या. पुढे दहा, मागे दहा, दोन्ही कडांना दहा दहा. अठ्ठावन्नाव्या वर्षी चाळीस उड्या म्हणजे चौथऱ्याआधी माणूस वाजायचा. चौथरा गप्प. गुडघे तेवढे बोलले.

बुधवारी तालीम झाल्यावर मॅनेजरनी दारातून डोकं आत घातलं. "मिस्त्री, काही केलंत की नाही? अजून दुसऱ्या भागात वाजतोय."

काही केलंत की नाही. हे वाक्य मिस्त्रींना शिवीपेक्षा लागलं. त्यांनी जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि भाग दोन पार सोडवला. अकरा फळ्या, चव्वेचाळीस स्क्रू. प्रत्येक फळीच्या कडेवरून रंधा फिरवला, केसभरही जास्त नाही. परत बसवल्या. संध्याकाळी उजवा खांदा वर जाईना.

बायको मलम चोळत म्हणाली, "मास्तरांचं वजन वाढलंय का?"

"मास्तर? काडी आणि मास्तर यांत जाड कोण ते लांबून कळत नाही."

"मग तुमचं काम चुकलं असेल."

मिस्त्रींनी खांदा काढून घेतला.

गुरुवारी सकाळी मॅनेजर परत आले. या वेळी दारात थांबले, हे लक्षण चांगलं नव्हतं. "दुसऱ्या भागातच. त्याच जागी."

"साहेब, मास्तरांच्या कानातच वाजत असेल."

"सत्तर जणांत एकाची तार जराशी उतरली तर त्याचं नाव घेऊन सांगतात ते."

"मग फळीचंही नाव घ्यायला सांगा."

मॅनेजर गेले. मिस्त्रींनी अकरा फळ्या परत सोडवल्या. सगळ्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. एवढ्यात झांजवाली बाई आली. हातात एक झांज, तिची चामड्याची वादी झिजलेली.

"काका, ही वादी तुटायच्या बेतात आहे. बघता का?" मग खाली बघून, "हे काय मांडलंय?"

"तुमचे मास्तर म्हणतात, दुसरा भाग वाजतो."

"हो, वाजतो की. नेमका त्या शांततेत."

"कुठल्या शांततेत?"

"दुसऱ्या भागातल्या."

मिस्त्रींनी फळ्यांवरून नजर फिरवली. "दोन दिवस भाग दोन उलटापालटा करतोय. शांतता कुठे बसवलीय ते मला दाखवा."

बाईंनी फळ्या बघितल्या. चौकटीखालचा शिसपेन्सिलीचा आकडा बघितला. मग झांज पोटाशी धरून त्या लाकडाच्या भुशातच बसल्या आणि हसल्या. हसताना झांज बारीक किणकिणत होती.

"अहो काका, सिंफनीचा दुसरा भाग. चार भाग असतात तिला. पहिला जोरात, दुसरा सावकाश, तिसरा उड्या मारत, चौथा सगळे तुटून पडतात तो. मास्तर गाण्याचा भाग सांगतायत, चौथऱ्याचा नाही."

मिस्त्रींनी मनात हिशोब मांडला. दोन दिवस. अकरा फळ्या, दोनदा. चाळीस उड्या.

"गाण्याला आकडे घालायचे तर घालावेत," ते शेवटी म्हणाले, "पण माझे आकडे कशाला घ्यायचे?"

"मग चौथऱ्याचा कुठला भाग वाजतो?"

"ते तुम्हीच सांगायचं."

"आम्ही कुठून सांगणार? आमचं लक्ष मास्तरांच्या हाताकडे, मास्तरांचं आमच्याकडे. पायाकडे कुणी बघत नाही."

म्हणजे ते मिस्त्रींच्याच गळ्यात आलं. एकवीस वर्षं जे भिंतीआडून ऐकलं ते आता समोर बसून ऐकायचं. दातांच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसाच्या चेहऱ्याने त्यांनी फळ्या बसवल्या आणि दुपारच्या तालमीला जाऊन पहिल्या रांगेत बसले. मांडीवर हत्यारांची पिशवी.

पहिला भाग संपला. खरंच जोरात होता. मग झांजवाली बाई रंगमंचावरून उतरून त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"काम सोडून आलात?"

"दुसऱ्या भागात मला काम नाही. माझं चौथ्यात. चारशे बारा मात्रा झाल्या की पहिली झांज."

"चारशे बारा? कोण मोजतं?"

"मी. झोपते असं वाटलं का तुम्हाला?"

तसंच वाटत होतं, पण मिस्त्री म्हणाले, "मांडीवर हात ठेवून बसलेल्या दिसता."

"बोटं मोजतायत, काका. एका मात्रेने चुकले आणि नको तिथे आपटल्या, तर सत्तर जणांच्या कष्टावर पाणी. व्हायोलिनवाल्याची एक चूक शंभर सुरांत लपते. माझे तीनच."

मोजणं हेही काम असतं हे सुताराला कुणी शिकवायची गरज नव्हती. मिस्त्रींनी तिथल्या तिथे बाईंना तळातून उचललं आणि बासरीवाल्यांच्या वर नेऊन ठेवलं. तोंडाने मात्र म्हणाले, "हं."

दुसरा भाग सुरू झाला. चेलो खालून, हळू, जशी जड तिजोरी दोघांनी धक्का न लावता जिन्यावरून न्यावी तसे. त्यावर व्हायोलिनं आली. मग हॉर्न, लांबून. मग एकेक वाद्य बाजूला होत गेलं, आवाज बारीक होत होत एका तारेवर आला, आणि थांबला. सगळेच थांबले. मास्तरांचे दोन्ही हात हवेत, सत्तर माणसं श्वास धरून.

त्यात चौथरा म्हणाला, कुर्र.

मास्तरांचा डावा खांदा उडाला. मिस्त्रींचे दोन्ही.

"ही शांतता," मिस्त्री कुजबुजले, "चुकून राहिलीय की मुद्दाम?"

"मुद्दाम. दोनशे वर्षांपूर्वी एकाने कागदावर लिहून ठेवलंय. इथे तीन मात्रा कुणी काही करायचं नाही."

"सत्तर जणांनी?"

"सत्तरांनी."

मिस्त्रींनी विचार केला. दार बसवताना चारी बाजूंनी फट ठेवावी लागते. लाकूड दमट दिवसांत फुगतं, त्याला फुगायला जागा लागते. नवशिका सुतार दार घट्ट बसवतो आणि खूश होतो. दोन महिन्यांनी तेच दार लाथ मारून उघडावं लागतं.

"फट सोडलीय," ते म्हणाले. "त्याला लाकूड कळत होतं."

बाईंना ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली. आणि मिस्त्री उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "पुन्हा."

वाद्यवृंद थांबला. मास्तर वळले. "कोण म्हणालं पुन्हा?"

"मी. सुतार."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मीही तेच म्हणणार होतो. पुन्हा."

पुन्हा वाजवलं. पुन्हा कुर्र. मिस्त्री एका बाजूने ऐकून दुसऱ्या बाजूला गेले. पुन्हा. चेलोवाल्यांत कुरबुर सुरू झाली. एकाने विचारलं, "मास्तर, आता आम्ही मिस्त्रींच्या हाताखाली का?" मास्तर म्हणाले, "आज सगळेच आहोत."

चौथ्या वेळी मिस्त्री रंगमंचावर चढले, मास्तरांच्या पायाशी पालथे झोपले आणि चौथऱ्याच्या कडेला कान लावला. पहिल्या खुर्चीतल्या चेलोवाल्या बाईंना हसू आवरेना. मास्तरांनी काडीने त्यांना दटावलं आणि खूण केली.

मग मिस्त्रींना जे ऐकू आलं त्याची त्यांनी तयारी केली नव्हती. लाकूड आवाज धरतं हे त्यांना ठाऊक होतं. त्याच गुणावर त्यांचं पोट चाललं होतं. पण एवढा धरतं हे ठाऊक नव्हतं. चेलो कानातून नाही, जबड्यातून आत येत होते. व्हायोलिनं दातांच्या मुळांशी. त्यांच्याच हातच्या फळ्यांतून सत्तर माणसं त्यांच्या डोक्यात उतरत होती. शांतता आली तेव्हा तीही फळीतून आली. आणि मास्तर पुढे झुकून चवड्यांवर उभे राहिले, सगळा भार पायरीच्या सांध्यावर गेला, आणि तिथून, भाग एकमधून, डाव्या कोपऱ्यातून, कुर्र.

"सापडला," मिस्त्री जमिनीवरून म्हणाले. उठायला मात्र त्यांना जरा वेळ लागला. मास्तरांनी हात दिला.

खोलीत नेऊन त्यांनी पायरी उलटी केली. डाव्या कोपऱ्यात जिथे ठोकळा हवा, सरस लावून स्क्रूने घट्ट धरलेला, तिथे एक पाचर होती. दोन खिळ्यांनी मारलेली. खिळे गंजून सैल झाले होते आणि पाचर हलत होती.

पाचर कुणाची हे शोधायला लांब जायचं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी चौथऱ्यावरचा पहिला कार्यक्रम एक दिवस अलीकडे ओढला होता. तीन कोपऱ्यांत ठोकळे बसले, चौथ्याला वेळ उरला नाही. मिस्त्रींनी पाचर ठोकली आणि स्वतःला म्हणाले, चालून जाईल. नंतर नीट करू. ते नंतर नऊ वर्षांत उगवलं नाही. आणि तेवढी नऊ वर्षं ते भिंतीआडून दुसऱ्यांचे हात मोजत होते.

मॅनेजरना सांगायची गरज नव्हती. बायकोला सांगितलं, कारण तिला खांदा दिसत होता.

"म्हणजे तुमचीच पाचर," ती म्हणाली.

"माझीच."

"आणि मी दोन दिवस चोळत बसले."

"हं."

"त्या झांजवालीची माफी मागितलीत का?"

"तिला काय ठाऊक मी काय म्हणत होतो ते?"

"मला ठाऊक आहे ना."

शुक्रवारी मिस्त्रींनी कुणालाही खोलीत येऊ दिलं नाही. खिळे उपटले. पाचर काढली. सांधा खरवडून कोरं लाकूड वर आणलं. त्याच जुन्या दाराचा एक तुकडा नऊ वर्षं फळीवर पडला होता. त्यातून ठोकळा कापला, चार वेळा लावून बघितला, चार वेळा काढून घासला. सरस लावून शिकंज्यात आवळला आणि वाळेपर्यंत हात लावला नाही. मग सहा स्क्रू. मग बाकीचे तीन कोपरेही सोडवून बघितले, कारण एका जागी खोटं बोललेल्या माणसाने बाकीच्या जागीही विचारून घ्यावं. ते तीन खरे निघाले. झांजेला नवी वादी लावली, दुप्पट शिवणीची, आणि बाईंच्या खुर्चीवर नेऊन ठेवली. माफी म्हणून तेवढंच.

शनिवारी मॅनेजरनी दोन तिकिटं दिली. "जवळ असा. काही झालं तर..." पुढचं बाहेर गेलं.

जागा आठव्या रांगेत, अगदी कडेच्या. मिस्त्रींनी बेत पक्का केला होता. हॉर्न लांबून आला की तिथून मोजायचं. चोवीस मात्रा झाल्या की शांतता. त्या शांततेत कान चौथऱ्याच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवायचा. बाकी सगळं गेलं चुलीत. बाईंसारखे हात मांडीवर ठेवून ते ताठ बसले.

पहिला भाग झाला. दुसरा सुरू झाला. हॉर्न आला. एक, दोन, तीन. मागच्या वेळी हे त्यांनी पालथं पडून ऐकलं होतं; आज खुर्चीत बसून. नऊ, दहा. खालून चेलो चढत होते आणि त्यांचा जबडा आपोआप आवळला गेला, जणू गालाखाली अजून फळी होती. चौदा. व्हायोलिनं एका मागून एक बाजूला होऊ लागली, घाई न करता, आपलं काम संपवून हत्यारं पुसून ठेवणाऱ्या माणसांसारखी. पंधरा की सोळा. एकच तार उरली. ती किती बारीक करता येईल हे वाजवणारा बघत होता, आणि मिस्त्री त्याच्याबरोबर बघत होते, अजून एक साल काढ, अजून एक, आता थांब.

मग उड्या मारणारं काहीतरी सुरू झालं होतं. तिसरा भाग.

मिस्त्री दचकले. शांतता येऊन गेली होती. ते तिच्यात होते, पण चौथऱ्याकडे नव्हते.

"वाजला का?" त्यांनी बायकोच्या कानात विचारलं.

"सगळेच वाजवतायत की."

"चौथरा गं."

"मला काय ठाऊक? मी त्या व्हायोलिनवालीचं कोपर बघत होते. कसं दुखत नाही हिला."

पुढच्या रांगेतून कुणीतरी श्श केलं. आता दोन भाग तसंच बसायचं होतं. मिस्त्रींना घाम फुटला. त्यांनी मास्तरांच्या खांद्याकडे बघितलं. खांदा काही सांगेना. पलीकडच्या कडेला मॅनेजर बसले होते. अंधारात त्यांचा नुसता चष्मा दिसत होता. चौथ्या भागात झांजवाली बाई उठून उभी राहिली तेव्हा मिस्त्रींनी श्वास धरला. बाईंच्या तिन्ही झांजा नेमक्या पडल्या. पहिलीला बायको खुर्चीतून उडाली आणि म्हणाली, "बाई गं, हिला तुम्ही रिकामी बसते म्हणत होता?"

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मिस्त्री उभे राहिले ते बाहेर पडायला. मागच्या दाराशी त्यांनी मॅनेजरना गाठलं.

"वाजला का?"

"काय?"

"साहेब, चौथरा."

मॅनेजर चक्क एका जागी थांबले. "नाही वाजला. मास्तर म्हणाले, शांतता पूर्ण मिळाली. रेकॉर्डिंगवालाही म्हणाला, स्वच्छ आहे. तो धातूचा नको म्हणून मी कळवतोय."

"नक्की?"

"तुम्ही समोर बसून ऐकलंत ना?"

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे बघितलं.

"उद्याचं तिकीट आहे का?" मिस्त्री म्हणाले.

"उद्या हाच कार्यक्रम आहे, मिस्त्री. तेच सगळं."

"म्हणून तर."

"अहो, वाजला नाही म्हणतोय ना मी."

"तुम्ही म्हणताय. मी तपासलेलं नाही. त्या जागी जरा..." त्यांनी शब्द शोधला. "जरा दुसऱ्या कामात होतो."

मॅनेजरनी खिशातून एक तिकीट काढलं. बायकोने हात पुढे केला.

"दोन द्या," ती म्हणाली. "आणि रांगेच्या मधली द्या. कडेला बसलं की यांचं लक्ष लागत नाही."